दांडीची सायकल

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात हे मला एव्हाना पाठ झालं होतं. गाव कुठलं, कंपनी कुठली, लग्न झालंय का, खोलीवर मित्र गोळा करणार का. चऱ्होलीच्या मावशींनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी मला अंगणात उभं केलं, भिंतीला टेकवलेली बांबूची काठी उचलली आणि माझ्या पायाशेजारी उभी धरली. काठीवर चाकूने खुणा केलेल्या होत्या. त्या खुणा नीट बघून मावशी म्हणाल्या, "लातूरकडचा दिसतूस."

"पायावरून कळतं?"

"न्हाई, ते बोलण्यावरनं कळलं. पायावरनं एवढंच कळतं का तुला बावीसची फ्रेम लागंल. दांडीची सायकल येती ना? मग खोली देते. मोशीच्या फाट्यापर्यंत सायकलीवर जायाचं, तिथनं कंपनीची बस धरायची. मोटारसायकल लावाया हितं जागा न्हाई."

जागा भरपूर होती. घरामागे लांबच्या लांब गोठा होता, फक्त त्यात म्हशी नव्हत्या. चऱ्होलीत इमारती उठायला लागल्या, वैरणीची रानं गेली, मग म्हशीही गेल्या. जिथे म्हशी बांधायच्या त्या खुंट्यांशी आता ओळीने सायकली उभ्या होत्या. काळ्या, दणकट, लोखंडी सळ्यांच्या ब्रेकच्या, आमच्या आजोबांच्या पिढीने मिरवलेल्या देशी आणि विलायती सायकली. काही धडधाकट, काहींचे नुसते सांगाडे. गव्हाणीत वैरणीऐवजी मडगार्ड, चेनकव्हर, घंट्या आणि डायनामो. गल्लीतली पोरं या जागेला सायकलींचा दवाखाना म्हणायची. मावशींना ते आवडत नसे. दवाखान्यात गेलेला माणूस परत येईलच याची खात्री काय, असं त्या म्हणत.

हा नाद त्यांना कसा लागला याची गोष्ट त्या प्रत्येकाला वेगळी सांगत. मला सांगितलेली अशी: त्यांच्या मालकांनी मोटारसायकल घेतली आणि जुनी सायकल भंगारवाल्याला दाखवली. भंगारवाला तिला पायाने ढकलून बघायला लागला. "पायानं," मावशी म्हणाल्या. "म्हस बघाया आला तरी मानूस आदी तिच्या पाठीवरनं हात फिरिवतो." त्यांनी भंगारवाल्याला वाटेला लावलं, सायकल स्वतः उघडली आणि ती काही त्यांना परत जोडता येईना. मालक हसले. ते हसले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला वाटतं. गावात तासावर सायकली भाड्याने देणाऱ्याचं दुकान होतं, तिथे जाऊन त्या दुपार दुपार बसू लागल्या. दुकान बंद पडलं तेव्हा त्याचे पाने मागून आणले. पुढे मालक वारले, मुलगी लग्न होऊन बाणेरला गेली, आणि गोठ्यात सायकली वाढत गेल्या.

विकण्याचा व्यवहार त्या करत नसत. कुणी घरातली जुनी सायकल आणून दिली तर नीट करून परत देत, सामानाचे पैसे घेत, बाकी हौस. पण कामाला हात घालण्याआधी एक प्रश्न ठरलेला असे: कुणाची व्हती? उत्तर आलं नाही तर सायकल तशीच परत जायची. आणि दुसरा प्रश्न: आता कोन चालवनार? त्या माणसाला मग काठीच्या शेजारी उभं राहावं लागे. सायकल त्याच्या मापाची होई. एका कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनचा डावा गुडघा वाकत नव्हता. मावशींनी त्याच्या वडिलांच्या सायकलचा डाव्या बाजूचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आखूड करून घेतला, म्हणजे त्या पायाला छोटंच वर्तुळ फिरवावं लागेल. लोक हसले. वॉचमन मात्र अजून त्याच सायकलवर ड्युटीला जातो. "मानसाला सायकलीपरमानं वाकवायचं न्हाई, सायकलीला मानसापरमानं वाकवायचं," असं त्यांचं एक सुभाषित होतं, आणि ते ऐकवल्याशिवाय त्या चहा देत नसत.

रविवारी प्राधिकरणाच्या वसाहतीतून जुन्या सायकलींचे हौशी लोक यायचे. ही मंडळी जाणकार, सायकलवरचा नंबर बघून ती कोणत्या काळातली ते सांगणारी. मावशींचं आणि त्यांचं रंगावरून हमखास वाजायचं. बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ मावशी प्रत्येक सायकलच्या मागच्या मडगार्डाच्या टोकाला लावायच्या. काळ्याभोर सायकलला लालभडक शेपूट. एकदा एक जाणकार न राहवून म्हणाले,

"मावशी, हे ओरिजिनल नाही हो."

"मग? तुमची कवळी ओरिजिनल हाय का?"

ज्यांना उद्देशून हे निघालं त्यांनी तोंड मिटलं, आणि बाकीच्यांनी हसू आवरायला घंट्या वाजवून पाहिल्या. तरी पुढच्या रविवारी सगळे हजर.

दोन गोष्टी मला सुरुवातीला कळल्या नव्हत्या. एक म्हणजे, मावशी फक्त लेडीज सायकल चालवायच्या. मधे आडवी दांडी असलेली सायकल नीट झाली की चाचणीला मला बसवत आणि स्वतः अंगणात उभ्या राहून कान देऊन ऐकत. भाडेकरूला दांडीची सायकल का यायला हवी होती, ते मला तेव्हा उमगलं. दुसरी गोष्ट त्यांच्या फडक्यांची. चेन पुसायला त्या जी फडकी वापरत ती जरीच्या काठाची होती, चांगल्या भारीतल्या साड्या फाडून केलेली. आमच्याकडे अशी साडी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पुसाया बरी हाय. रंग सोडत न्हाई."

त्यांचा हट्ट काय चीज आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं ते एका हॉटेलवाल्यामुळे. वाकडचा तरुण मुलगा, आजोबांची सायकल घेऊन आला. आजोबा जुन्नरकडे शाळामास्तर होते, सायकल त्यांची. चालवणार कोण, तर मीच, म्हणाला. मावशींनी जीव लावून काम केलं. सायकल न्यायला आला तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं की नव्या कॅफेच्या काउंटरमागे भिंतीवर टांगायची आहे, वर दिवे सोडून.

मावशींनी सायकलच्या सीटवर हात ठेवला. "न्हाई मिळायची."

"अहो, माझी आहे."

"तुजीच हाय. पन चालवनार म्हनला व्हतास. आता हितनं आळंदीपर्यंत चालवत जा आन् चालवत ये. मग भिंतीला टांग न्हाईतर गळ्यात बांध, मी काय बोलनार न्हाई."

पांढरे बूट घालून, कारने आलेला तो मुलगा. आधी हसला, मग चिडला, मग मावशी जागच्या हलत नाहीत हे बघून कारची किल्ली माझ्या हातात देऊन निघाला. बराच वेळ झाला तरी येईना. मी म्हटलं, गेला सायकल घेऊन. मावशी म्हणाल्या, कार ठिऊन? तो आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, बूट मातीने माखले होते. त्याने सायकल कारवर बांधली आणि गेला. पुढे मी मुद्दाम त्याच्या कॅफेत डोकावलो. सायकल भिंतीवर टांगलेलीच होती, दिवेही होते. पण टायरला ओला चिखल होता. हे मी मावशींना सांगितलं, तेव्हा दिवसभर त्या खुशीत होत्या.

आणि मग गोठाच जायची वेळ आली. घर आणि गोठा सासरच्या एकत्र कुटुंबाचा होता. पुतण्यांनी जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं, कागद झाले, दसरा उलटला की पाडकाम सुरू होणार. मावशींना नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता. त्यांच्यावर अन्याय झाला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. फक्त सायकलींना जागा नव्हती. पुतणे म्हणाले, काकी, दोन-चार ठेवा हौसेला, बाकी कुदळवाडीच्या भंगारात घाला. मुलगीही फोनवर तेच म्हणाली. मावशी सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि पाना घेऊन गोठ्यात जायच्या. मला वाटायचं, या वयात माणसाने किती झगडावं. त्यांना तसं वाटत नव्हतं. "जागा मिळंल," एवढंच म्हणायच्या. कुठून मिळणार ते सांगत नसत.

याच सुमाराला कुरुळीहून त्यांचे धाकटे भाऊ आले. त्यांना मावशी आप्पा म्हणत. पांढरेशुभ्र कपडे, मोठी गाडी, पण गाडीतून उतरताना दाराला धरून उतरले, कारण गुडघे गेले होते. बरोबर पेढ्यांचा बॉक्स आणि एक साडी. जरीच्या काठाची. मी ती साडी बघितली, मग गोठ्याच्या दाराशी लटकणारी फडकी बघितली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या मराठवाड्यातही हे चालतंच. बापाच्या जमिनीत बहिणीचा वाटा कायद्याने असतो, पण जमीन विकायची वेळ आली की भाऊ साडीचोळी घेऊन येतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. नाही केली तर माहेर तुटतं. कुरुळीची शेतं एकेक करून कंपन्यांकडे गेली तेव्हा मावशींनी दर वेळी मुकाट सही केली होती. साड्या मात्र नेसल्या नव्हत्या.

"आक्का, आता शेवटचाच तुकडा ऱ्हायलाय, हायवेलगतचा," आप्पा म्हणाले. "गोडाऊनवाले घेत्यात. दसऱ्यानंतर चाकणला रजिस्टर करायचं हाय. तू येऊन जा तेवढी."

मावशींनी पेढा खाल्ला, पाणी प्यायल्या. "आण्णांची सायकल कुटं हाय?"

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. आप्पा गडबडले. "ती व्हय? ती कवाच भंगारात गेली की."

"न्हाई गेली. तू टाकनार न्हाईस. आदी सायकल आन, मग जमिनीचं बोलू."

आप्पांचा चेहरा एकदम मोकळा झाला. करोडोंच्या जमिनीची सही एका गंजक्या सायकलवर भागतेय म्हटल्यावर कुणाचाही होईल. ते हसत गेले. दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट गावभर झाली आणि म्हातारीचं डोकं फिरलंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. खोटं कशाला सांगू, माझंही तेच मत होतं.

त्या संध्याकाळी मावशी एका चाकाचा आउट काढत बसल्या होत्या. चाक फिरवायचं, कुठे वाकडं पळतंय ते बघायचं, तिथला स्पोक थोडा आवळायचा. ते करता करता, माझ्याकडे न बघता, त्यांनी सगळं सांगितलं. आण्णा पहाटे या सायकलवर दुधाचे कॅन बांधून देहूरोडपर्यंत रतीब घालायचे आणि उन्हं वर आली की परत यायचे. मग सायकल दिवसभर रिकामी. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढची चाकणला. मावशी हुशार होत्या आणि सायकलही शिकल्या होत्या, आधी दांडीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर, मग दांडीवरून पाय टाकून. एक दिवस आण्णांनी त्यांना तसं बघितलं. मारलं नाही. फक्त म्हणाले, पोरीच्या जातीनं दांडीवरनं पाय टाकायचा न्हाई, लोक नावं ठेवत्यात, आन माझी शप्पत. मावशींनी शपथ घेतली आणि त्यांची शाळा तिथेच संपली. आप्पा मोठा झाला तेव्हा रतीब घालून आलेली सायकल रोज त्याला मिळाली आणि तो चाकणला जाऊन मॅट्रिक झाला.

"तो शिकला ते बरंच झालं," मावशी म्हणाल्या. "त्याचा राग न्हाई. पन सायकल तर दारातच उभी व्हती की रं. आन मी बी."

चाक सरळ झालं होतं तरी त्या फिरवत राहिल्या.

सायकल आठवडाभरात टेम्पोतून आली. मागून आप्पांची गाडी. सायकल भंगारात गेली नव्हतीच, कुरुळीच्या बंगल्याच्या माळ्यावर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवली होती. सीटचं चामडं तडकलेलं, रिमा गंजलेल्या, कॅरिअरला दुधाचे कॅन अडकवायचे आकडे जसेच्या तसे. मावशींनी आधी तिच्या सीटवरून हात फिरवला, मग चेनवरून. चेन ओली होती.

"तेल घालीत व्हतास," त्या म्हणाल्या.

"दर दिवाळीला," आप्पा म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले.

मग कामाचा धडाका सुरू झाला. रिमा घासल्या, नवे स्पोक भरले, बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं, सीटला नवं चामडं चढवलं. मी शिफ्टवरून आलो की गंज घासायला बसायचो. सगळं आटोपलं, आता जोडायचीच बाकी, अशा वेळी मावशींनी ती काठी मागितली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पायाशेजारी धरली. नंतर खडू घेऊन त्यांनी फ्रेमच्या आडव्या दांडीवर दोन्ही टोकांना एकेक रेघ मारली.

"मावशी, हे काय?"

"दांडी काढायची. दुसरी नळी खाली तिरपी बसवायची, लेडीज सायकलीवानी."

मी बराच वाद घातला. जुनी फ्रेम कापणं म्हणजे या हौशी जगात ब्रह्महत्या. रविवारी प्राधिकरणवाल्यांनी तर हात जोडले. म्हणाले, अशी दूधवाल्याची सायकल, सगळ्या खुणांसकट, आता बघायला मिळत नाही, कापली की कवडीमोल. मावशी म्हणाल्या, "इकायची कुनाला हाय?" मी म्हटलं, शपथ घालणारे आण्णा जाऊन एवढी वर्षं झाली, आता टाका की दांडीवरून पाय, कोण बघतंय.

"बापाची शप्पत मोडायची न्हाई," त्या म्हणाल्या. "दांडीच ठिवायची न्हाई."

खंडेनवमीला गोठ्यात हत्यारांची पूजा मांडली. पाने, हातोडी, पक्कड आणि मधोमध लोखंड कापायची करवत, तिला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. एकदा पूजेत ठेवलं की त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा नियम त्या कंपनीतल्यांपेक्षाही कडक पाळत. दसऱ्याला सकाळी आरती करून त्यांनी करवत उचलली. मला फ्रेम धरायला सांगितली. नेमके तेव्हाच आप्पा सोनं द्यायला आले.

करवत दांडीवर टेकलेली बघून त्यांच्या हातातली आपट्याची पानं खाली पडली. "आक्का, काय करतीस? आण्णांची दांडी हाय ती. मला त्या दांडीवर पुढं बसवून सगळा मुलूख दाखिवला त्यांनी. आळंदीला नेलं, चाकणच्या बाजारला नेलं. त्यांची हनुवटी माझ्या डोक्याला लागायची." एवढं बोलून साठी उलटलेल्या त्या माणसाने दांडीवर हात ठेवला.

मावशींनी करवत थांबवली. "तू दांडीवर बसलास," त्या हळूच म्हणाल्या. "मी मागं कॅनशेजारी बी न्हाई बसले, आप्पा."

 मग करवतीचा आवाज सुरू झाला. जुनं विलायती लोखंड, लवकर कापत नव्हतं. मी म्हटलं, मी कापतो, तर मान हलवली. त्यांचे दंड थरथरत होते, पदर घामाने भिजला होता, पण दोन्ही टोकं त्यांनीच कापली. दांडी सुटून हातात आली तेव्हा जरीच्या फडक्याने पुसली आणि आप्पांपुढे धरली. "ही घे. ही तुजी." आप्पांनी ती दोन्ही हातांत घेतली, आणि गुडघे सांभाळत गाडीत जाऊन बसले.

नवी नळी गावातल्या ग्रिलवाल्याने जोडून दिली. सायकल उभी राहिली. मडगार्डाला हिंगूळ लागला. रजिस्ट्रेशनच्या दिवशी आप्पांनी गाडी पाठवली होती, ती मावशींनी रिकामी परत पाठवली. आण्णांच्या सायकलवर त्या पुढे, माझ्या बावीसच्या सायकलवर मी मागे, असे आम्ही निघालो. मोशीला हायवेला लागलो तसे कंटेनर अंगावर यायला लागले, धुळीने तोंड भरलं. चिंबळी फाट्याच्या पुढे मी म्हटलं, मावशी, थांबा जरा. त्यांनी ऐकलंच नाही. कुरुळीच्या फाट्यावर मात्र पाय टेकला, गावात जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं आणि पुन्हा निघाल्या. तिथून पुढचा रस्ता त्यांच्या हिशेबाने खरा होता, शाळेचा.

चाकणला पोचल्यावर त्या ऑफिसकडे वळल्या नाहीत. विचारत विचारत हायस्कूलच्या फाटकाशी गेल्या. मधली सुट्टी होती, मैदानात गलका चाललेला. मावशी उतरल्या, सायकल स्टँडवर लावली, फाटकाचे गज धरून उभ्या राहिल्या. मी अंतर ठेवून थांबलो. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "लई लांब न्हाई रं," म्हणाल्या.  

ऑफिसात आप्पा, वकील, गोडाऊनवाल्यांचा माणूस, पिशवीत नवी साडी. कागद तयार होता. मावशींनी पेन उचललं नाही.

"आप्पा, सायकल शाळंची व्हती. ती मिळाली. जमिनीचं मग बोलू म्हनले व्हते, ते आता बोलते. माझा वाटा मला मोजून दे. हायवेकडं नको, मागच्या अंगाला चालंल. गोठ्याएवढी जागा पायजे."

"आणि आधीच्या जमिनींचं?" वकिलांनी घाईने विचारलं. त्यांना भलतीच शंका आली असावी.

"त्याच्या सह्या केल्यात मी. ते गेलं. हे न्हाई जानार."

आप्पा पांढरेफटक पडले. "बहीन असून कोर्टकचेरीची भाषा?" असं काहीतरी म्हणाले आणि साडीची पिशवी तिथेच टाकून बाहेर गेले. मावशींनी पिशवी उचलून वकिलांच्या टेबलावर नीट ठेवली. आम्ही सायकलींवर परत आलो.

त्या भाऊबीजेला आप्पा आले नाहीत. मावशींनी करंज्या केल्या होत्या, पाट मांडला होता, निरांजन पुन्हा पुन्हा सारखं करत होत्या. दुपार कलली तशा त्या उठल्या, गोठ्यात गेल्या आणि रडत रडत एका चाकाचा आउट काढत बसल्या. तो चुकला, दुसऱ्या दिवशी परत काढावा लागला. माहेर तुटणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. वाटलं, आता ह्या सही करून टाकतील.

केली नाही. आधी गोठा पडला, घर उन्हाळ्यापर्यंत राहणार होतं. सायकली माझ्या खोलीत, व्हरांड्यात, जिन्याखाली आल्या आणि मी मडगार्डांच्या मधे झोपू लागलो. दर सोमवारी मावशी सायकलने कुरुळीला जायच्या, भावजयीच्या हातचा चहा प्यायच्या, आप्पा खोलीतून बाहेर येत नसत, तर दाराबाहेरून विचारायच्या, "कवा मोजायचं?" उत्तर येत नसे. मग भावजयीला बरं वाटतंय का, नातवाचं काय चाललंय, असं सगळं विचारून परत यायच्या. भांडण म्हणून नाही, बाजार करावा तितक्या नेमाने. शेवटी भावजयच वैतागली. नवऱ्याला म्हणाली, त्यांचं त्यांना देऊन टाका, माझा दर सोमवारी जीव खालीवर होतोय.

उन्हाळ्यात मोजणी झाली. मागच्या अंगाचे काही गुंठे मावशींच्या नावावर लागले, पुढचे गोडाऊनला गेले. पत्र्याची शेड उभी राहिली. दोन टेम्पोंतून सायकली आल्या, खुंटेसुद्धा आले. मावशींनी फ्लॅट मुलीच्या नावाने केला आणि शेडशेजारच्या खोलीत राहू लागल्या. मीही कुरुळीतच खोली घेतली, कंपनी जवळ पडते म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो.

आप्पा मात्र शेडकडे फिरकले नव्हते. एका सकाळी मी सुट्टीचा म्हणून तिथे चेन पुसत बसलो होतो, तर त्यांची गाडी येऊन थांबली. दाराला धरून उतरले. शेडभर नजर फिरवली, मावशींकडे बघितलं नाही. आण्णांची सायकल दाराशीच होती. तिच्याजवळ गेले, हँडल धरलं. मग त्यांनी पाय उचलला. उंच उचलावा लागलाच नाही. कापलेल्या दांडीच्या जागेतून तो सहज पलीकडे गेला आणि आप्पा सीटवर बसले. आपण बसलो याचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. डगमगत का होईना, गोडाऊनच्या भिंतीपर्यंत जाऊन आले.

"सीट उंच पडतं, आक्का," ते म्हणाले. चाकणच्या ऑफिसातल्या त्या दिवसानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

मावशींनी काठी उचलली, त्यांच्या पायाशेजारी धरली आणि खुणा बघितल्या. 

"दोन बोटं खाली घेते. तुला पायजे तर रोज पहाटं नेत जा, दुधाच्या वेळंला," त्या म्हणाल्या. "शाळंच्या वेळंला परत आन. तवा ती मला लागती."